जेटचं टाइप रेटिंग आधीच करून ठेवू का?

पायलटचं लायसन्स हातात आलं की हा प्रश्न येतोच. तुम्ही विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो: नोकरीचं लेखी पत्र नसेल, तर पदरचे पैसे घालून टाइप रेटिंग, म्हणजे एका ठरावीक प्रकारचं विमान उडवायची पात्रता, करू नका.

मुळात ते 'करून ठेवता' येत नाही. युरोपच्या नियमांत त्याची मुदत 1 वर्ष. पुढे पुन्हा सिम्युलेटर, पुन्हा चेक, पुन्हा पैसे. आणि मुदत असली तरी हात विसरतात. एअरबस ए-320 वर व्ही-1 नंतर, म्हणजे टेकऑफ सोडून देता येण्याचा वेग ओलांडल्यावर, एक इंजिन गेलं, तर रडरनं (पायानं चालवायचं शेपटीवरचं सुकाणू) नाक सरळ धरायचं, पिच, म्हणजे नाकाचा वरचा कोन, 12.5 अंशांच्या आसपास, गिअर (चाकं) वर, आणि 400 फुटांपर्यंत बिघाडाच्या चेकलिस्टला हात घालायचा नाही. वाचायला दोन ओळी. पण सहा महिने घरी बसलात की पाय रडरवर उशिरा पडतो, नाक भरकटतं, आणि एअरलाइनच्या निवड चाचणीत नेमकं तेच दिसतं.

शिवाय रेटिंग झालं म्हणून प्रवासी नेता येत नाहीत. त्यासाठी लाइन ट्रेनिंग, म्हणजे एअरलाइनच्या नेहमीच्या फ्लाइटवर प्रशिक्षकाबरोबर उडणं, लागतं; ते एअरलाइनच देऊ शकते. अनुभवी पायलट हवेत अशी जाहिरात येते तेव्हा त्या विमानावरचे तास मोजतात. शून्य तासांचं रेटिंग तिथे चालत नाही.

निवड करून कंपनी म्हणाली, खर्च तुमचा? मग आधी बाँड मागा: पैसे कंपनीचे, तुम्ही ठरावीक वर्षं थांबायचं. बाँडची रक्कम दर महिन्याला घटते का, आणि कंपनीनंच काढलं तर ती माफ होते का, हे नीट वाचा. मला हीच पद्धत रास्त वाटते. जिनं खर्च केला, तिला तुम्ही तयार व्हावं याची गरज असते. उलट पायलटच पैसे भरणार असेल, तर हुशार पण ऐपत नसलेली मुलं बाहेरच राहतात, याचं फार वाईट वाटतं.

तरीही भरायचेच असतील, तर टप्प्याटप्प्यानं भरा. कोटेशनमध्ये बेस ट्रेनिंग, म्हणजे खऱ्या विमानावरचे टेकऑफ-लँडिंग, धरलंय का ते विचारा. पुष्कळदा ते वेगळं लावतात. जादा सिम्युलेटर सेशनचा दर आधीच लिहून घ्या. चार तासांच्या सेशनमध्ये साधारण दोनच तास तुमचे असतात, आणि सोबत शिकणारा जोडीदार कच्चा निघाला तर त्यातलेही जातात. आणि लाइन ट्रेनिंगचे तास विकत कधीच घेऊ नका; तिथे तुम्ही कामावर असता.