सॅक नेमका कुणामुळे? रूकी टॅकलचा पहिला हंगाम तपासतानाचा माझा अनुभव

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी आधीच सांगतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायला त्याच्यापुढे पाच ऑफेन्सिव्ह लाइनमन असतात: मधे सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, आणि टोकांना लेफ्ट नि राइट टॅकल. चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं तर तो सॅक. अशा लाइनमनचा रूकी, म्हणजे पहिला, हंगाम कसा गेला हे ठरवायचं असेल, तर 'त्याने किती सॅक दिले' हा आकडा कुणाकडूनही उसना घेऊ नका. एनएफएलच्या, म्हणजे तिथल्या व्यावसायिक लीगच्या, अधिकृत आकडेवारीत तो नसतोच. सॅक करणाऱ्याच्या खात्यात सॅक जमा होतो, पण समोरच्या पाच जणांपैकी कुणाच्या हातून माणूस सुटला, याची नोंद गेमबुकात, म्हणजे सामन्याच्या अधिकृत नोंदवहीत, कुठेच होत नाही. लाइनमनच्या नावापुढे सामने, स्नॅप (तो मैदानात असताना झालेले प्ले, म्हणजे चाली) आणि पेनल्ट्या, एवढंच मिळतं. बाकी जे आकडे चर्चेत फिरतात ते कुणीतरी फिल्म बघून ठरवलेले असतात, आणि दोन ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असं नाही. मी केलेल्या शीटमधल्या 'जबाबदार कोण' या एका रकान्याने माझा अख्खा हिवाळा खाल्ला. तो वैताग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं काम मोटारींच्या पार्ट्सच्या वॉरंटी क्लेमचं. परत आलेला पार्ट बघायचा आणि बिघाड डिझाइनचा, कारखान्याचा की वापरणाऱ्याचा, हे ठरवायचं. राहतो डेट्रॉईटच्या उपनगरात, त्यामुळे टीम लायन्स. २०२१ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम्स कॉलेजचे खेळाडू पाळीपाळीने निवडतात तेव्हा, लायन्सनी सातव्या क्रमांकावर ऑरेगॉन विद्यापीठाचा टॅकल पेने सुएल घेतला, तेव्हा सगळं गाव खूश होतं. ऑगस्टमधल्या सरावसामन्यांत तो राइट टॅकलला अडखळला आणि तेच गाव त्याला मोडीत काढायला निघालं. पुण्याहून पुतण्याचा मेसेज आला, "काका, हा फ्लॉप निघाला का?" तो पोरगा रविवारचे सामने रात्री साडेदहाला सुरू करून दीड-दोनपर्यंत जागून बघतो. त्याला ऐकीव उत्तर द्यायचं माझ्या जिवावर आलं. ठरवलं, सबंध हंगाम स्वतः तपासायचा.

फिल्म मिळवण्यात काही अडचण आली नाही. वर्गणी भरली की मिळते. टीव्हीवरचं चित्रण या कामाला पुरत नाही, कारण कॅमेरा चेंडूमागे जातो. कोच लोक बघतात ती फिल्म लागते, आणि तिच्यातही एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याच्या) मागून घेतलेला कोन. बाजूच्या कोनातून सगळी लाइन एकावर एक चढलेली दिसते. मागच्या कोनातून पाचही जणांची पावलं सुटी दिसतात.

शीट करताना पहिला निर्णय घ्यावा लागला तो असा, की हा एक हंगाम नाही, दोन आहेत. सुएल कॉलेजमध्ये लेफ्ट टॅकल होता. कॉलेजच्या उत्तम लाइनमनला मिळणारी आउटलंड ट्रॉफी २०१९ मध्ये त्याने तिथेच मिळवली, मग कोविडमुळे २०२० चा हंगाम सोडला. शेवटचा सामना १ जानेवारी २०२० चा रोझ बोल, आणि एनएफएलमधला पहिला १२ सप्टेंबर २०२१ चा. मधे वीस महिने सामना नाही. लायन्सकडे लेफ्टला टेलर डेकर होता, म्हणून सुएलला अख्खा कॅम्प राइटला उभं केलं. पहिल्या सामन्याच्या तोंडावर डेकरचं बोट दुखावलं आणि याला परत लेफ्टला पाठवलं, थेट फोर्टीनायनर्सच्या निक बोसा या नावाजलेल्या बचावपटूसमोर. वय वीस. आठ सामने तो लेफ्टला खेळला. १४ नोव्हेंबरला पिट्सबर्गमध्ये डेकर परतला आणि सुएल पुन्हा राइटला. बाजू बदलली की पुढचा पाय बदलतो, मागे टाकायचं पाऊल बदलतं, आधी भिडणारा हात बदलतो. दोन्ही बाजूंची बेरीज करून काढलेला एकच मार्क मला सुरुवातीपासून खोटा वाटत होता, आणि आजही वाटतो.

पहिलं पाऊल, हात कुठे लागले, तोल, शेवट, हे रकाने भराभर भरत गेले. धावण्याच्या प्लेमध्ये तर वादच नव्हता. पिट्सबर्गच्या पावसात आमचा रनिंग बॅक (चेंडू घेऊन धावणारा) डिआंद्रे स्विफ्टने ३३ वेळा चेंडू घेऊन १३० यार्ड काढले. १६-१६ असा बरोबरीत सुटलेला तो सामना उजव्या बाजूवर नजर ठेवून बघा. एवढा मोठा माणूस पहिल्या माणसाला ढकलून पुढच्या लाइनबॅकरपर्यंत (बचावाच्या दुसऱ्या फळीतल्या खेळाडूपर्यंत) कसा पोचतो, हे मी पुन्हा पुन्हा मागे नेऊन बघितलं आणि दर वेळी खूश झालो.

अडलो ते स्टंटवर, म्हणजे बचावाचे दोघं आपसांत वाटा बदलून घुसतात त्या डावपेचावर.

लेफ्ट टॅकलसमोर बचावाचा टोकाचा माणूस, म्हणजे एंड, उभा आहे, गार्डसमोर त्यांचा टॅकल (नाव तेच, पण हा बचावाचा). स्नॅप होतो, म्हणजे सेंटर चेंडू मागे देतो. एंड बाहेरून न येता आत घुसून गार्डच्या खांद्यावर आदळतो. त्याच वेळी त्यांचा टॅकल त्याच्या पाठीमागून वळसा घालून बाहेर निघतो. आता आपल्या टॅकलने एंडला गार्डकडे सोपवायचं आणि वळशाने येणाऱ्याला उचलायचं. गार्डने हातातला माणूस सोडून एंडला घ्यायचं. हे सगळं दीड-दोन सेकंदांत, बोलायला सवड नाही. दोघं साधारण एकाच खोलीवर, म्हणजे रेषेपासून सारख्याच अंतरावर मागे, असतील तरच ही अदलाबदल होते. गार्ड रेषेला चिकटलेला आणि टॅकल दोन यार्ड मागे असेल तर मधे फट पडते, टॅकल एंडच्या मागे आत ओढला जातो आणि वळसा घेतलेला माणूस मोकळा क्वार्टरबॅकवर जातो. टीव्हीवर दिसतं काय? बाहेरची बाजू उघडी पडली आणि अठ्ठावन्न नंबर, म्हणजे सुएल, भलतीकडेच गेला. कॉमेंट्रीवाला म्हणतो, रूकी हरला. कबड्डी खेळलेल्यांना हे लगेच कळेल: साखळीतल्या दोघांपैकी एकाने हात सोडला की रेडर मधून निसटतो, आणि बोल बसतो तो ज्याच्या अंगावरून निसटला त्याला.

बरं, गार्ड चुकला असं तरी म्हणावं का? तेही नाही. प्रोटेक्शन, म्हणजे क्वार्टरबॅकला वाचवायची आखणी, कुठलं पुकारलं होतं यावर सगळं अवलंबून. लाइन एका बाजूला सरकणार असेल तर प्रत्येकाकडे माणूस नसतो, जागा असते. जो आपल्या जागेत येईल तो आपला. माणसाला माणूस असेल तर अदलाबदल नजरेवर आणि एकमेकांच्या सवयीवर चालते. आणि सवय व्हायला शेजार टिकावा लागतो. लायन्सचा सेंटर फ्रँक रॅग्नाउ चौथ्या सामन्यात पायाच्या अंगठ्याला दुखापत होऊन हंगामभरासाठी गेला. बचाव ओळखून लाइनला इशारे देणारा माणूसच बदलला. हे ज्या तक्त्यात कुठे दिसत नाही, त्या तक्त्यावरून वीस-एकवीस वर्षांच्या पोराला नापास करायचं?

माझी खरी चिडचिड झाली ती इथे. खेळाडूंना मार्क देणाऱ्या, पैसे घेणाऱ्या एका सेवेच्या तक्त्यात असे प्ले सरळ सुएलच्या नावावर दिसत होते. मी नीट लिहून विचारलं: अमुक प्लेमध्ये गार्ड खोलीवर नव्हता, सेंटरचं पाऊल अमुक बाजूला होतं, तुम्ही प्रोटेक्शन कुठलं धरलंत? बरेच दिवस काही नाही. आठवण केली. मग उत्तर आलं, की मार्क प्रशिक्षित लोक देतात आणि एकेका प्लेवर चर्चा केली जात नाही. झालं. वॉरंटीत मी असं उत्तर पुरवठादाराला दिलं तर दुसऱ्या दिवशी साहेबासमोर उभं राहावं लागेल. आकडा छापता, तो दशांश चिन्हापर्यंत छापता, तर तो कशावरून आला हे सांगायला काय हरकत आहे? पुन्हा लिहिलं, तेच उत्तर. तेव्हापासून त्या आकड्यांकडे मी बघत नाही.

सुटका केली ती आमच्या गल्लीतल्या निवृत्त कोचने. हायस्कूलच्या पोरांना लाइन शिकवण्यात त्यांची हयात गेली. बर्फ काढताना त्यांच्यापाशी विषय काढला, तर म्हणाले, "टॅकलकडे बघूच नका. आधी सेंटर बघा, मग रनिंग बॅक." घरात बोलावून त्यांनी लॅपटॉपवर दाखवलं. सेंटर, गार्ड आणि टॅकल तिघांचं पहिलं पाऊल एकाच बाजूला पडलं तर लाइन सरकतेय. पावलं वेगवेगळी पडली तर माणसाला माणूस. रनिंग बॅकची मान ज्या बाजूला वळते, तिकडे एक माणूस त्याच्या वाट्याचा आहे. तिसरी गोष्ट क्वार्टरबॅकची खोली. टॅकल सात-आठ यार्डांवरच्या जागेचं रक्षण करत असतो. क्वार्टरबॅक सरकत सरकत दहा यार्डांवर गेला, तर बाहेरून वळसा घेणाऱ्याला टॅकलने रास्त मागे ढकललेलं असूनही तो नेमका तिथेच पोचतो. या तीन गोष्टी बघून माझे बहुतेक अडलेले प्ले सुटले. एवढं करूनही जे सुटले नाहीत त्यांच्यापुढे मी 'ठरवता येत नाही' असं लिहिलं आणि ते बेरजेतून बाहेर काढले. कोच म्हणाले, टीमच्या खोलीत न बसलेल्या माणसाने एवढंच करावं. मला तर केवढं हलकं वाटलं! कामावरही परत आलेल्या काही पार्ट्सवर आम्ही हेच लिहितो, आणि तो अहवाल कुणी अपुरा मानत नाही.

त्यानंतर चित्र स्वच्छ झालं. सुएलच्या पायांत मला हंगामभर दोष दिसला नाही. एवढ्या वजनाचा माणूस इतका हलका सरकताना मी पाहिलेला नव्हता. दोष हातांत होता. हात उंच आणि रुंद पडायचे, छातीऐवजी खांद्यांवर लागायचे, आणि सरळ अंगावर येणारा तगडा माणूस त्याला मागे रेटायचा. फसून हरण्यापेक्षा रेटला जाऊन हरण्याचे प्रसंग जास्त. बोसासमोरचा पहिला सामना त्या मानाने उत्तम. लायन्स ४१-३३ हरले, पण लेफ्ट टॅकलमुळे नव्हे. राइटला गेल्यावर सुरुवातीला मागचं पाऊल आखूड पडत होतं, पण डिसेंबरात ते सुधारलं आणि हातही खाली आले. ५ डिसेंबरला वायकिंग्जवरचा २९-२७ चा पहिला विजय, १९ तारखेला कार्डिनल्सवरचा ३०-१२, हे दोन सामने माझ्या शीटमध्ये त्याचे सर्वांत स्वच्छ. हंगाम संपला ३ विजय, १३ पराभव, १ बरोबरी असा. टीमचा निकाल बघून लाइनमनला मार्क देऊ नये, हे यावरून कळावं.

एक राहिलंच. स्नॅपची वेळ मोजत बसू नका, मी त्यात बराच वेळ घालवला. अडीच सेकंदांच्या आत चेंडू सुटला तर टॅकलची परीक्षाच झालेली नसते, एवढी ढोबळ खूण पुरे. असे प्ले वेगळे काढले नाहीत तर साधा खेळाडूही भारी दिसतो.

आणि रशॉन स्लेटरशी तुलना. ऑफिसात ती वर्षभर ऐकली. त्याच ड्राफ्टमध्ये तेराव्या क्रमांकावर चार्जर्सनी घेतलेला टॅकल स्लेटर पहिल्याच वर्षी प्रो बोलला (लीगमधल्या निवडक खेळाडूंचा मान) निवडला गेला, तेव्हा 'लायन्सनी चुकीचा टॅकल घेतला' हे ठरूनच गेलं. स्लेटर फार चांगला खेळला, त्यात शंका नाही. पण तो हंगामभर एकाच बाजूला होता, मधे कोरी लिन्सलीसारखा मुरलेला सेंटर, मागे क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्ट. तुलना करायचीच तर तीही बाजू धरून करा: सुएलचे लेफ्टचे आठ सामने आणि स्लेटरचे पहिले आठ. मी तशी केली. पासच्या प्लेमध्ये स्लेटर पुढे, धावण्याच्या प्लेमध्ये सुएल पुढे, हे मी जानेवारी २०२२ मध्येच पुतण्याला लिहून पाठवलं होतं. खाली एक ओळ होती: 'याला राइटलाच राहू द्या.' लायन्सनी त्याला तिथेच ठेवलं. २०२३ मध्ये तो ऑल-प्रोच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, पहिल्या संघात आला आणि एप्रिल २०२४ मध्ये चार वर्षांचा ११.२ कोटी डॉलरचा करार झाला. तो मेसेज पुतण्याने अजून जपून ठेवलाय, आणि मला त्याचा अभिमान आहे.

या वर्षीचा कुणी रूकी तपासायला घेणार असाल तर पहिल्या चार सामन्यांत जबाबदारीचा रकाना उघडूच नका. फक्त पहिली दोन पावलं आणि हात लिहा. प्रत्येक प्ले आधी सेंटरवर नजर ठेवून एकदा, मग आपल्या माणसावर एकदा, असा दोनदा बघा. पेनल्ट्या मात्र गेमबुकातून नंबरासकट उतरवून घ्या, लाइनमनच्या चुकीची तेवढी एकच नोंद तिथे आयती मिळते.