चार कॅप्सूल आणि न सांगितलेले तीन आठवडे

फोंड्यात माझे औषधांचे दुकान आहे. पाऊस सुरू झाला की नखांच्या आणि बोटांच्या बेचक्यांतल्या तक्रारी घेऊन येणारी माणसे वाढतात, कारण अंत्रुज महालातल्या, म्हणजे फोंड्याच्या परिसरातल्या, कुळागरांत (सुपारीच्या बागांत) पाटाच्या पाण्यात आणि शेतांच्या चिखलात काम करणारे बहुतेक जण अजूनही अनवाणी असतात. पायाच्या अंगठ्याचे नख पिवळे पडते, जाड होते, भुसभुशीत होऊन तुटू लागते. आणि दुखत नसल्यामुळे दाखवायला कोणी जात नाही, कोणाला तरी विचारून औषध मात्र घेतो.

चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीच्या बाजारगर्दीत म्हार्दोळच्या बाजूची एक गृहिणी इट्राकोनॅझोल या नखांच्या बुरशीवरच्या औषधाची 100 मिलिग्रॅमची रिकामी पट्टी घेऊन आली आणि याच कॅप्सूल आणखी हव्यात म्हणाली. औषध सासऱ्यांसाठी होते. चिठ्ठी विचारली तेव्हा तिने सांगितले, "चिठ्ठी नाही. शेजारच्या काकींना डॉक्टरांनी याच दिल्या होत्या, त्यांची नखे बरी झाली. सकाळी दोन, रात्री दोन. बाबांनी एक दिवसही चुकवलेला नाही, पंधरा दिवस होऊन गेले."

हे ऐकून मी हातातले काम बाजूला ठेवले. दिवसाला चार कॅप्सूल, म्हणजे 400 मिलिग्रॅम, हा डोस चुकीचा नव्हता. पण तो महिन्यातले सात दिवस घ्यायचा असतो आणि पुढचे तीन आठवडे पूर्ण थांबायचे असते. हाताच्या नखांसाठी असे दोन फेरे देतात, पायाच्या नखांसाठी सहसा तीन. हे औषध नखाच्या द्रव्यात मुरते आणि गोळी बंद झाल्यावरही तिथे कित्येक महिने टिकून राहते, म्हणून मधल्या सुटीत उपचार थांबत नाही, यकृताला आणि बाकीच्या शरीराला मात्र उसंत मिळते. काकींनी आपुलकीने चार कॅप्सूलची गोष्ट सांगितली होती, तीन आठवड्यांची सांगायची राहून गेली होती.

सासऱ्यांना आणखी कोणती औषधे चालू आहेत, असे विचारल्यावर तिने मोबाईलवरचा फोटो दाखवला. त्यात अ‍ॅटोर्वास्टॅटिन 40 ही कोलेस्टेरॉलची गोळी, हृदयाची गती कमी करणारी मेटोप्रोलॉल आणि लघवीवाटे पाणी काढणारी फ्युरोसेमाइडची गोळी होती. हृदयाचे पंपिंग कमी आहे असे डॉक्टरांनी सांगितल्याचेही ती म्हणाली. पाय सुजलेत का, आडवे झाल्यावर दम लागतो का, असे मी विचारताच तिचा चेहरा बदलला. दोन रात्री सासरे उशा रचून बसल्या बसल्या झोपत होते, घोट्यांवर सूज होती आणि मांड्या इतक्या दुखत होत्या की खुर्चीतून उठताना हात द्यावा लागत होता. घरच्यांनी हे सारे वयाच्या आणि कुळागरातल्या दगदगीच्या खाती टाकले होते.

इट्राकोनॅझोल हृदयाच्या स्नायूंचे आकुंचन कमी करू शकते. अमेरिकेच्या औषध नियामकाने 2001 साली याबद्दल जाहीर इशारा दिला आणि तेव्हापासून ज्यांचे हृदय कमजोर आहे त्यांना केवळ नखांसाठी हे औषध देऊ नये असे मानले जाते. शिवाय यकृतातले जे विकर (एन्झाइम) अ‍ॅटोर्वास्टॅटिनचा निचरा करते त्यालाच ते अडवते. त्यामुळे कोलेस्टेरॉलची तीच नेहमीची गोळी रक्तात साचू लागते आणि स्नायूंना इजा करते. लघवीचा रंग मी मुद्दाम विचारला, कारण या औषधांवर असताना लघवी गडद होणे हे यकृत बिघडल्याचेही लक्षण असते आणि स्नायू झिजून त्यांतले द्रव्य मूत्रपिंडात उतरू लागल्याचेही. तिने घरी फोन केला. रंग नेहमीचाच होता. तेवढाच काय तो दिलासा.

कॅप्सूल मी दिल्या नाहीत. पुढची कॅप्सूल घेऊ नका, हृदयाच्या गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका आणि घरातल्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून त्यांना आत्ताच्या आत्ता रुग्णालयात न्या, असे तिला सांगितले. इट्राकोनॅझोल कधीपासून आणि किती घेतले ते एका कागदावर ठळक लिहून दिले, कारण "नखाचे औषध" हे कोणी हृदयाच्या डॉक्टरांना आपणहून सांगत नाही.

त्यांना फोंड्याहून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवावे लागले. रक्तात स्नायूंचा एन्झाइम वाढलेला निघाला, म्हणजे स्नायूंना इजा झाली होती, मूत्रपिंडे शाबूत होती, पाणी उतरले आणि चवथ रुग्णालयातच गेली. ज्या कोणी चिठ्ठी न पाहता त्या पट्ट्या विकल्या त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बुरशीवरच्या, पोटात घ्यायच्या औषधांवर चिठ्ठीशिवाय विकू नये असे ठळक छापलेले असते.

पुढे त्वचारोगतज्ज्ञांनी नखाचे तुकडे तपासायला पाठवले, आणि खरे तर सुरुवात तिथूनच व्हायला हवी होती. जाड, पिवळी दिसणारी सुमारे निम्मीच नखे बुरशीची असतात. बाकीच्यांमागे जुना मार, घट्ट चपला किंवा सोरायसिस असतो आणि त्यांवर या गोळ्यांचा काहीही उपयोग नसतो. यांच्या नखात बुरशी सापडली. टर्बिनाफिन या बुरशीवरच्या दुसऱ्या गोळीचा पर्याय होता: रोज 250 मिलिग्रॅम, पायासाठी बारा आठवडे, हातासाठी सहा. पण त्याआधी यकृताची रक्ततपासणी करावी लागते, काहींच्या तोंडाची चव जाते आणि मेटोप्रोलॉलचा परिणाम वाढून नाडी मंदावू शकते. डॉक्टरांनी गोळी द्यायचीच नाही असे ठरवले. युरियाच्या मलमाने नख मऊ करून घासायचे आणि त्यावर अमोरोल्फिन या बुरशीनाशकाचा लेप लावायचा. हा उपाय सावकाश चालतो आणि त्याने यश येण्याची शक्यता गोळीपेक्षा कमी असते, हे त्यांनी लपवले नाही. मला तो निर्णय पटतो. पायाचे नख पूर्ण नवे यायला तसेही वर्ष-दीड वर्ष लागते. इतक्या संथ आजारासाठी आठवडाभर थांबून तपासणी करायला कोणाचीच हरकत नसावी.

काकींना दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्यांचे नख तपासले गेले होते, रक्त तपासले गेले होते, कॅप्सूल त्या जेवणासोबत घेत होत्या (पोटात आम्ल नसेल तर ती नीट शोषलीच जात नाही) आणि त्यांना हृदयाचा आजार नव्हता. त्यांच्यासाठी ते औषध योग्यच होते.

लेपाची बाटली न्यायला ती सून परत आली तेव्हा तिने स्वतःचे हात पुढे केले. सतत पाण्यात काम करून दोन बोटांची नखे कडेने सुजून लाल झाली होती. तिने कॅप्सूल मागितली नाही, कुठल्या डॉक्टरांकडे जाऊ एवढेच विचारले.