नेटबुकच्या डेस्कटॉपवर बचत गटाची लाल वही

माझी आई अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी एका महिला बचत गटाची सचिव आहे. गटात ११ जणी आहेत, दरमहा प्रत्येकी २०० रुपये जमा होतात आणि त्यातून अडीअडचणीला कर्ज दिले जाते. हा सारा हिशोब आई इतकी वर्षे लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवत आली. मी धुळ्याला शिक्षिका आहे. माझ्याकडे २००९ साली घेतलेला एक नेटबुक, म्हणजे छोटा लॅपटॉप, पडून होता. तो दुरुस्त करून आईला द्यावा आणि वहीचा हिशोब त्यात आणावा, असे मी गेल्या उन्हाळी सुट्टीत ठरवले. लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली बसवण्यास एक दिवस लागला. मात्र आईला लागणारी कामे डेस्कटॉपवर तिला ओळखू येतील अशा चिन्हांच्या रूपात मांडण्यास त्याहून कितीतरी अधिक वेळ लागला, आणि तेच काम अधिक महत्त्वाचे होते असे मला आजही वाटते.

यंत्राबद्दल थोडे सांगते. पडदा १०.१ इंची, १०२४ × ६०० बिंदूंचा. प्रोसेसर इंटेल ॲटम एन-२७०, म्हणजे केवळ ३२ बिटांचा. मेमरी १ जीबी होती, ती मी २ जीबी केली. त्यावर मूळची विंडोज एक्सपी होती, आणि तिचा अधिकृत आधार एप्रिल २०१४ मध्येच संपला आहे. ३२ बिटांच्या यंत्रांना बहुतेक मोठ्या लिनक्स वितरणांनी (लिनक्सच्या तयार संचांनी) एकेक करून निरोप दिला असल्यामुळे मी डेबियन या वितरणाची १२ वी आवृत्ती आणि तिच्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप (पडद्यावरची चिन्हे, मेनू आणि खिडक्या सांभाळणारा भाग) निवडला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या १३ व्या आवृत्तीत ३२ बिटांच्या संगणकासाठी इन्स्टॉलर दिलेला नाही, त्यामुळे अशा जुन्या नेटबुकसाठी १२ वी आवृत्तीच घ्यावी लागते.

पहिल्या दिवशी मी आईसमोर नेटबुक ठेवला. डेस्कटॉपवर होम फोल्डर, फाइल सिस्टिम आणि कचरापेटी एवढीच चिन्हे होती. मेनू उघडायचा, त्यात ऑफिस हा विभाग शोधायचा, त्यातून कॅल्क (हिशोबाचे तक्ते करण्याचा प्रोग्राम) निवडायचे, मग फाइल उघडण्याची खिडकी, मग फोल्डर, मग फाइल, असा सारा मार्ग मी दोनदा दाखवला. आईने शांतपणे पाहिले आणि विचारले, “आते हाई कसं उघाडू, ताई?” तिचा प्रश्न रास्त होता. लाल वही कपाटातून काढली की लगेच उघडते. तिच्यापर्यंत पोहोचण्यासाठी पाच दारे ओलांडावी लागत नाहीत.

सुरुवात सोप्या बाजूने केली. एक्सएफसीईच्या पॅनेलवर, म्हणजे पडद्याच्या कडेच्या पट्टीवर, मी व्हिस्कर मेनू जोडला. त्या मेनूतील कोणत्याही प्रोग्रामवर राइट क्लिक केले की ‘डेस्कटॉपवर जोडा’ अशा अर्थाचा पर्याय मिळतो. फायरफॉक्स, कॅल्क्युलेटर आणि पत्रे लिहिण्यासाठी लिबरऑफिस रायटर ही तीन चिन्हे अशा रीतीने काही मिनिटांत डेस्कटॉपवर आली. ज्यांना फक्त प्रोग्रामच उघडायचा आहे त्यांचे काम येथेच संपते.

आईला मात्र प्रोग्राम नको होता, तिला तिची वही हवी होती. त्यासाठीही एक जवळचा रस्ता आहे: फाइल मॅनेजरमध्ये हिशोबाच्या फाइलवर राइट क्लिक करून ती डेस्कटॉपकडे पाठवली, तर तेथे तिचा दुवा तयार होतो. मी तसे केलेही. परंतु हिशोब, कर्ज खतावणी आणि बैठकीची नोंद अशा तिन्ही फाइलींचे दुवे एकाच हिरवट चिन्हाचे दिसू लागले, आणि नावे वाचल्याशिवाय त्यांतला फरक कळेना. आईला वाचता उत्तम येते, पण एवढ्या लहान पडद्यावरची बारीक अक्षरे चष्मा लावूनही तिला त्रास देतात. चिन्ह पाहताक्षणी ओळखू आले पाहिजे, ही अट मी तेव्हा स्वतःला घातली.

म्हणून मी लाँचर, म्हणजे आपण ठरवलेली आज्ञा चालवणारे चिन्ह, बनवण्याकडे वळले. डेस्कटॉपच्या मोकळ्या जागी राइट क्लिक करून ‘लाँचर तयार करा’ हा पर्याय निवडला की एक लहान अर्ज समोर येतो. त्यात नाव, टिपण, आज्ञा, कामाचे फोल्डर आणि चिन्ह असे रकाने असतात. नावाच्या जागी ‘बचत हिशोब’ लिहिले आणि आज्ञेच्या जागी कॅल्क उघडणारी आज्ञा देऊन तिच्यापुढे फाइलचा संपूर्ण मार्ग लिहिला. चिन्हावर टिचकी मारली तेव्हा कॅल्कने तक्रार केली की ‘बचत’ नावाची फाइल अस्तित्वात नाही. कारण शोधण्यात माझी अर्धी दुपार गेली. फाइलचे नाव मी ‘बचत हिशोब’ असे दोन शब्दांत ठेवले होते आणि आज्ञेच्या ओळीत मोकळी जागा आली की संगणक तेथे एक नाव संपले असे मानतो. त्यामुळे त्याच्या दृष्टीने मी ‘बचत’ आणि ‘हिशोब’ अशा दोन वेगवेगळ्या फाइली मागत होते. संपूर्ण मार्ग दुहेरी अवतरण चिन्हांत ठेवताच फाइल उघडली. मराठी नावाने काही बिघडत नाही, बिघडते ते मोकळ्या जागेने, हे येथे मुद्दाम नोंदवते, कारण पहिला संशय माझाही देवनागरीवरच गेला होता.

एक अडचण केवळ नेटबुकवरच येते. पडद्याची उंची ६०० बिंदूच असल्यामुळे काही खिडक्यांची खालची कड पडद्याबाहेर जाते आणि ‘ठीक’ किंवा ‘बंद करा’ ही बटणे दिसतच नाहीत. अशा वेळी ऑल्ट कळ दाबून ठेवून खिडकीच्या कोणत्याही भागाला माउसने धरून ती वर सरकवता येते. ही युक्ती मी एका कागदावर लिहून नेटबुकच्या पिशवीत ठेवली आहे.

आता चिन्हाचा प्रश्न उरला होता. लाँचरला चिन्ह म्हणून थीममधील एखादे तयार चित्र देता येते किंवा स्वतःच्या चित्राच्या फाइलचा मार्गही देता येतो. मी आईच्या लाल वहीचा फोनने फोटो काढला, तो चौरस कापून १२८ × १२८ बिंदूंचा केला आणि हिशोबाच्या लाँचरला लावला. कर्ज खतावणीसाठी तिच्या हिरव्या पुठ्ठ्याच्या वहीचा आणि बैठकीच्या नोंदीसाठी गटाच्या शिक्क्याचा फोटो घेतला. त्यानंतर डेस्कटॉपच्या सेटिंगमध्ये जाऊन चिन्हांचा आकार ६४ केला, नावांची अक्षरे मोठी केली, फाइल सिस्टिमचे चिन्ह काढून टाकले आणि एकाच टिचकीने चिन्ह उघडावे हा पर्याय लावला. टचपॅडवर दोनदा भराभर टिचकी मारणे आईच्या बोटांना जमत नव्हते, त्यामुळे या शेवटच्या बदलाचा सर्वाधिक उपयोग झाला. अक्षरे मोठी केल्यावर लांब नावे कापली जाऊ लागली, म्हणून ‘हिशोब’, ‘कर्ज’, ‘बैठक’ अशी एकशब्दी नावे ठेवली.

नावे बदलताना मात्र मला या साऱ्या यंत्रणेच्या मुळाशी जावे लागले आणि तेथून पुढचे सगळे सोपे झाले. डेस्कटॉपवरचे प्रत्येक लाँचर-चिन्ह म्हणजे वास्तविक एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्या नावाच्या अखेरीस ‘डॉट डेस्कटॉप’ असे असते आणि ती कोणत्याही साध्या मजकूर संपादकात उघडते. फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने तिची रचना ठरवून दिलेली असल्यामुळे एक्सएफसीई, ग्नोम, केडीई, एलएक्सडीई हे सारे लिनक्सचे डेस्कटॉप तीच रचना मानतात. वर चौकटी कंसांत ‘डेस्कटॉप एंट्री’ हे शीर्षक, खाली ‘टाइप’, ‘नेम’, ‘एक्झेक’ (चालवायची आज्ञा), ‘आयकॉन’, ‘टर्मिनल’ अशा ओळी आणि प्रत्येकीपुढे बरोबरीचे चिन्ह देऊन तिची किंमत, एवढाच तिचा आवाका असतो. संपूर्ण संगणकासाठी असलेल्या अशा फाइली यूएसआर फोल्डरातील शेअरमध्ये, ॲप्लिकेशन्स या नावाच्या फोल्डरात असतात. अर्जातून मी जे काही भरत होते ते याच फाइलीत लिहिले जात होते.

ही फाइल वाचल्यावर मला छळणारे एक कोडेही सुटले. एका चिन्हाचे नाव मी ‘नेम’ या ओळीत कितीदा बदलले तरी डेस्कटॉपवर जुनेच नाव दिसत होते. फाइल पूर्ण वाचली तेव्हा खाली निरनिराळ्या भाषांसाठी ‘नेम’च्या वेगळ्या ओळी आढळल्या, आणि मराठीसाठी चौकटी कंसात ‘एमआर’ असे लिहिलेली ओळही त्यांत होती. माझी यंत्रणा मराठीत चालवलेली असल्यामुळे संगणक तीच ओळ वाचत होता. ती बदलताच नाव बदलले. कोणीतरी, कोठेतरी बसून आपल्या भाषेसाठी ती एक ओळ लिहून ठेवली होती, हे पाहून मला फार समाधान वाटले.

संपादकात बदल केलेल्या चिन्हावर टिचकी मारल्यावर एक इशारा समोर येऊ लागला: हे चिन्ह सुरक्षित जागी नाही आणि विश्वासार्ह म्हणून नोंदलेलेही नाही. आई यामुळे घाबरली. इशाऱ्यामागचे कारण मात्र योग्य आहे. चिन्हाचे नाव आणि चित्र काहीही ठेवता येते आणि त्यामागच्या ‘एक्झेक’ ओळीत कोणतीही आज्ञा लिहिता येते. कोणी ई-मेलने किंवा पेनड्राइव्हवरून वहीच्या चित्राआड फाइली पुसणारी आज्ञा पाठवली, तर टिचकी मारणाऱ्याला ते कळणार नाही. म्हणून एक्सएफसीई अशा फाइलीला चालवण्याची परवानगी आहे का आणि वापरणाऱ्याने तिला एकदा सुरक्षित म्हटले आहे का, हे तपासते. त्या वेळी ती फाइलच्या मजकुराची खूणही नोंदवून ठेवते, त्यामुळे नंतर मजकुरातले एक अक्षर जरी बदलले तरी इशारा पुन्हा येतो. हे समजल्यावर मी सारे बदल आधी पूर्ण केले, मग प्रत्येक चिन्ह स्वतः एकदा उघडून ‘सुरक्षित म्हणून नोंदवा’ असे सांगितले आणि त्यानंतरच नेटबुक आईच्या हाती दिला. इशारा कायमचा बंद करण्याचे उपाय शोधण्यापेक्षा हा क्रम पाळणे मला अधिक जबाबदारीचे वाटते.

शेवटचे चिन्ह संगणक बंद करण्याचे होते. एक्सएफसीईची बाहेर पडण्याची आज्ञा ‘हॉल्ट’ या पर्यायासह दिली तर यंत्र थेट बंद होऊ लागते. मी तो पर्याय वगळला आणि नुसती आज्ञा ठेवली. तीत आधी खिडकी येते आणि काय करायचे ते विचारले जाते. टचपॅडला चुकून बोट लागून महिन्याचा हिशोब जतन होण्याआधीच यंत्र बंद होऊ नये, म्हणून ही एक जादा टिचकी मी जाणीवपूर्वक ठेवली.

जूनच्या बैठकीला मी गावी होते. बैठक सुरू होताच वीज गेली, नेटबुक बॅटरीवर चालू राहिला, आणि आईने कोणाला काही न विचारता लाल वहीच्या चित्रावर टिचकी मारून हिशोब उघडला. ११ जणींची जमा तिने स्वतः भरली. कागदी वहीही शेजारी होती आणि ती तशीच चालू ठेवावी असे आमचे दोघींचे मत आहे. संगणकातील बेरीज वहीतल्या बेरजेशी जुळली की आई खाली सही करते.

पुढच्या आठवड्यात मोठ्या काकूंनी त्यांच्या गटासाठी तशीच सोय मागितली. त्यांच्या मुलाचा जुना नेटबुक होता, त्यावरही मी तीच यंत्रणा बसवली आणि चिन्हांच्या फाइली पेनड्राइव्हवरून नेल्या. चित्रे दिसली नाहीत आणि वहीही उघडली नाही. आईच्या यंत्रावरील वापरकर्त्याचे नाव वेगळे होते, त्यामुळे होम फोल्डरचा मार्गही वेगळा होता, आणि या फाइलीत होम फोल्डरसाठी नेहमीची लाटेसारखी खूण (~) लिहून भागत नाही, तेथे पूर्ण मार्गच द्यावा लागतो. मी प्रत्येक फाइल संपादकात उघडून ‘एक्झेक’ आणि ‘आयकॉन’ या दोन ओळींतील नाव बदलले, आज्ञेतील मार्गाभोवतीची अवतरण चिन्हे तपासली आणि प्रत्येक चिन्ह एकदा उघडून सुरक्षित म्हणून नोंदवले. काकूंची वही निळ्या पुठ्ठ्याची आहे, म्हणून तिचा फोटो मात्र नव्याने काढला.