सान्नांचं पीठ फुगेपर्यंत

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, आदल्या दिवशी गोव्यातल्या किरिस्तांव घरात एक पातेलं असं असतं, की ज्यावर सगळ्यांचा डोळा असतो आणि ज्याला हात लावायची कोणालाच मुभा नसते. ते ओट्याच्या उबेतल्या कोपऱ्यात, फडक्याखाली, वर ताटली ठेवून बसलेलं असतं. पोरं येता-जाता रेंगाळतात आणि आतून शामायचा, म्हणजे आजीचा, आवाज येतो, "धांपणें काडूं नाका!" आत सान्नांचं पीठ असतं.

इडली ठाऊक असलेल्या माणसाला सान्न चुलत बहिणीसारखं वाटेल, पण गोव्याच्या सान्नात उडदाची डाळ नसते. अर्धा किलो जाडा तांदूळ पाच-सहा तास भिजवायचा. एका मध्यम नारळाचा चव (खोवलेलं खोबरं) आणि मूठभर शिजलेला भात घालून तो अगदी गंधासारखा वाटायचा. पाणी जपून घालायचं, कारण पुढे वाटीभर सूर पडायची असते. सूर म्हणजे माडाची ताजी ताडी. दोन चमचे साखर लगेच घालायची, मीठ मात्र शेवटी, वाफवायच्या आधी. मीठ आधी पडलं की यीस्ट मंदावतं आणि पीठ आळसावतं. पातेलं निम्मंच भरायचं. हे न ऐकणाऱ्याला रात्री ओटा पुसावा लागतो.

सूर चांगली असेल आणि हवा उबदार असेल, तर दोन-तीन तासांत पीठ जवळजवळ दुप्पट होतं. या दोन-तीन तासांत स्वयंपाकघरात करण्यासारखं काही नसतं. मला वाटतं, शुभवर्तमानातला खमिराचा दाखला कळायला हीच वेळ बरी. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात तो एका ओवीत आटपतो: एका स्त्रीने खमीर घेतलं, तीन मापं पिठात ठेवलं आणि सगळं पीठ फुगलं. मात्र मूळ ग्रीकमध्ये तिथे 'मिसळलं' असं म्हटलेलं नाही, 'लपवलं' असं म्हटलं आहे. पीठ भिजवणाऱ्या बाईला यात नवल वाटायचं नाही. सूर पडली की ती पिठात दिसत नाही, वेगळी काढता येत नाही, आणि तिच्यावर लक्ष ठेवण्याचा प्रश्नच येत नाही.

तीन मापं हे प्रकरणही गमतीचं आहे. ते घरगुती माप नाहीच, त्यात शंभरेक माणसांची भाकरी होईल. उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात हेच माप येतं. भर दुपारी तीन अनोळखी पाहुणे दारात उभे राहतात आणि अब्राहाम तंबूत धावत जाऊन सारेला सांगतो, लवकर तीन मापं सपीठ मळ. पाहुणे तिघे आणि पीठ शंभर जणांचं! गोव्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. फेस्ताला आठ माणसं येणार म्हणून धरलेलं पीठ पंधरा जणांचं असतं, आणि तरी एक वाजता फाटकाशी आणखी एक गाडी थांबते. अर्ध्या किलो तांदळात वीसेक सान्नां होतात. माणशी तीन धरली तर हिशेब कुठे तुटतो, ते घरातल्या बाईला गाडीचं दार वाजल्याबरोबर कळतं. सारेला तो हिशेब करायला वेळ मिळाला असेल, असं वाटत नाही.

आता सुरेविषयी. रेंदेर, म्हणजे सूर काढणारा, दिवसातून तीनदा माडावर चढतो: सकाळ-संध्याकाळ सूर उतरवायला आणि दुपारी पोय, म्हणजे माडाचा फुलोरा, कातीने तासायला. रस मडक्यात ठिबकतो तेव्हा गोड असतो, पण हवेतलं आणि मडक्याच्या अंगाला राहिलेलं यीस्ट त्याला तिथेच आंबवायला लागतं. पिठात घालायची सूर सकाळची हवी, फेसाळ हवी, वास गोडसर हवा. दुपारपर्यंत ती उग्र होते. तशीच राहू दिली तर काही आठवड्यांत तिचं विनागर (व्हिनेगर) होतं, आणि भट्टीवर चढवली तर माडाची फेणी. म्हणजे फेस्ताच्या ताटात सान्न आणि सोरपोतेल (विनागर घातलेलं डुकराच्या मांसाचं कालवण) शेजारी बसतात, तेव्हा एकाच झाडाचा रस दोनदा वाढलेला असतो. सान्नात तो काही तासांचा असतो, सोरपोतेलाच्या आंबटपणात काही आठवड्यांचा.

ज्याला मराठी वाचक 'ख्रिस्तपुराण'कार म्हणून ओळखतात, तो इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरला. 1583 साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्याने माडाचं भरभरून कौतुक केलं आहे. तेल, ताडी, साखर, विनागर, दोर, घर शाकारायला झावळ्या, सगळं एकाच झाडाचं, हे पाहून तो चकित झाला होता. पुढे 1616 साली रायतूरला छापलेल्या त्याच्या ग्रंथात बायबलची कथा मराठी ओव्यांत आली. माड पाहून थक्क झालेला तो माणूस नंतर ओवीत रमला. ओवी जात्यावरची, आणि जात्याचा पिठाशी संबंध मी मुद्दाम जोडत नाही, तो जुळलेलाच आहे.

खमिराची बाजू एवढीच नाही, हे सांगायला हवं. ख्रिस्ताने परुश्यांच्या खमिरापासून जपा असंही सांगितलं, आणि पौलाने करिंथकरांना जुनं खमीर काढून टाका असं लिहिलं. हा विरोध ज्याला खटकतो, त्याने एकदा कालची सूर पिठात घालून पाहावी. पीठ फुगतं थोडं, फसफसतं फार, आणि सान्न आंबट, चपटं, चिकट होतं. फुगवणारंही तेच, नासवणारंही तेच. फरक एका दिवसाचा. यहुद्यांच्या वल्हांडण सणाला खमीर घरातून झाडून काढायचा नियम होता. आपल्या मिस्सेतला होस्तही, म्हणजे वेदीवरची पवित्र भाकरही, नुसता गव्हाचा आणि पाण्याचा, बिनखमिराचा. त्यामुळे रविवारी वेदीवर न फुगलेली भाकर आणि घरी ताटात टम्म फुगलेलं सान्न, असा दिवस जातो. यात कोणाला विसंगती वाटल्याचं ऐकलेलं नाही.

फेस्त पावसाळ्यात असलं की खरी परीक्षा. पावसात माडाचं खोड निसरडं होतं, मडक्यात पाणी शिरतं, आणि आदल्या दिवशी सकाळी निरोप येतो की आज सूर नाही. मग डब्यातलं सुकं यीस्ट निघतं. अर्ध्या किलो तांदळाला एक चमचा पुरे. ते कोमट पाण्यात चमचाभर साखरेबरोबर दहा मिनिटं ठेवायचं. पाणी बोटाला सुखावेल इतकंच गरम हवं. चटका बसला तर यीस्ट मेलं, आणि मेलेल्या यीस्टची मौज अशी की ते काही बोलत नाही; तीन तासांनी ताटली उचलल्यावरच कळतं. म्हणून फेस आल्याशिवाय ते पिठात घालू नये. सुरेऐवजी शहाळ्याचं पाणी घातलं तर चव थोडी जवळ येते. जुनी माणसं पहिला घास घेतात, काही म्हणत नाहीत आणि दुसरं सान्न उचलतात. हे क्षमेचं बरंच वरचं रूप मानायला हरकत नाही.

पीठ अजिबात फुगलंच नाही तर? टाकायचं नाही. पाणी घालून सैल करायचं आणि तव्यावर पोळे घालायचे. नारळ असतोच आत, जाळी कमी पडते एवढंच. नाहीतर शेजारणीकडे वाटी पाठवायची. फसफसणारं अर्धी वाटी पीठ आपल्या पिठात घातलं की तेही तीन-चार तासांत जागं होतं, आणि शेजारणीचं पातेलं अर्ध्या वाटीने खाली गेलेलं तोवर परत भरतं. दहा कुमारींच्या दाखल्यात शहाण्या पोरी मूर्ख पोरींना दिव्यासाठी तेल देत नाहीत, आम्हाला आणि तुम्हाला पुरणार नाही म्हणतात. त्यांचं बरोबरच होतं, तेल वाटलं की कमी होतं. दिव्याऐवजी पिठाचा प्रश्न असता तर त्या दाखल्याचं काय झालं असतं, असा विचार कधीकधी येतो.

पीठ झाकलेलं असताना तेर्स, म्हणजे घरची जपमाळेची प्रार्थना, होतो. शब्दाचा अर्थ तिसरा हिस्सा. रोजरीची, म्हणजे जपमाळेची, दशकं (दहा-दहा प्रार्थनांचे गट) पंधरा होती, त्यातली पाच घरात म्हणायची. 2002 साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी प्रकाशाची पाच रहस्यं जोडली आणि दशकं वीस झाली, म्हणजे आता तो खरं तर चौथा हिस्सा; पण नाव कोणी बदललेलं नाही आणि बदलणारही नाही. तिसऱ्या दशकापाशी धाकटं मूल लवंडतं. लादाईनपर्यंत, म्हणजे शेवटच्या स्तुतिमालेपर्यंत, आजोबांचा आवाज खर्जात जातो. मार्काच्या चौथ्या अध्यायातला शेतकरी आठवतो: बी टाकतो, रात्री झोपतो, सकाळी उठतो, आणि अंकुर कसा आला हे त्याचं त्याला ठाऊक नसतं. ओरातोरापुढे, म्हणजे घरातल्या देव्हाऱ्यापुढे, पेंगणारं घर आणि ओट्यावर वर चढणारं पीठ, दोन्ही एकाच वीस मिनिटांत.

त्याच ओरातोरात ऑगस्टपासून एक-दोन कणसं खोचलेली असतात. राय गावच्या चर्चमध्ये 5 ऑगस्टला, हिमाच्या सायबिणीच्या (मारियामातेच्या) दिवशी, कणसांचं फेस्त होतं. ऐन पावसात हिमाची सायबीण! पहिली भाताची कणसं कापून, आशीर्वाद घेऊन घरोघर नेतात. ताळगावचं कणसांचं फेस्त 21 ऑगस्टला. नवं भात वेदीवर जातं, पण सान्नांना मात्र नवा तांदूळ चालत नाही. तो पाणी कमी शोषतो, पीठ चिकट होतं आणि सान्न दाताला लागतं. त्याला वर्षभराचा जुना तांदूळ हवा. मत्तयाच्या त्याच तेराव्या अध्यायात, खमिरापासून थोडं पुढे, एक घरधनी आपल्या भांडारातून नवं आणि जुनं दोन्ही बाहेर काढतो. त्याने कुठलं कशाला वापरलं, ते मत्तयाने लिहिलेलं नाही.

वाफवायला पंधरा-वीस मिनिटं. वाट्यांना तेलाचा हात, पीठ अर्ध्याच्या थोडं वर, आणि मीठ घालून ढवळताना हात हलका, नाहीतर तीन तासांची हवा एका ढवळण्यात निघून जाते. झाकणाला फडकं बांधायचं, नाहीतर वाफेचे थेंब पडून सान्नाला खड्डे पडतात. पहिली दहा मिनिटं झाकण काढलं तर ती बसतात. झाली की बोटाने दाबून पाहायचं, खळगा लगेच भरून आला पाहिजे. वाट्या थोड्या निवू द्यायच्या, मग सान्नां काढायची. घाईत काढलेली निम्मी वाटीतच राहतात आणि ती पोरांच्या वाट्याला जातात, म्हणून पोरं घाई करायला लावतात.

थोडं पीठ उरतंच. ते छोट्या डब्यात, वर बशी ठेवून फ्रिजमध्ये जातं, थंडीत ते निजेल या भरवशावर. सकाळी फ्रिज उघडावा, तर बशी एका बाजूला सरकलेली असते.