टर्नटेबल आणि शेजारची गिरणी: तिसरा टप्पा

मागच्या महिन्यात टर्नटेबलखाली, म्हणजे रेकॉर्ड प्लेअरखाली, लावलेल्या रबराच्या चकत्या काढून टाकल्या. इतक्या कडक होत्या की वजनाने दबतच नव्हत्या. मग कंपन अडवणार कशा?

आमचं घर दारव्हा तालुक्यात, जाड मातीच्या भिंतींचं. वर सागाच्या फळ्यांची माडी, तिथेच टर्नटेबल. त्रास दोन. कुणी चाललं की सुई उडते, आणि शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली की ऐन आलापात खालून घरघर येते. थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवून तो आवाज लॅपटॉपवर घेतला, आलेख काढला. 24 हर्ट्झला उभा सुळका! गिरणीची मोटर मिनिटाला 1440 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 24. चोर सापडला.

या वेळी कडप्प्याची 14 किलोची फरशी घेतली, तिच्याखाली स्कूटरची ट्यूब, हवा अर्धवट. वर साडेपाच किलोचं टर्नटेबल. फरशी दाबून सोडली आणि मोबाईलच्या स्लो मोशनमध्ये हेलकावे मोजले: दोन सेकंदांत सात, म्हणजे साडेतीन हर्ट्झ. टोनआर्म (सुईचा दांडा) आणि कार्ट्रिज (सुईची डबी) यांचा अनुनाद, म्हणजे ज्या तालावर ते सगळ्यात जास्त थरथरतात तो, साधारण 8 ते 12 हर्ट्झला असतो; त्याच्या बराच खाली. हिशेबाने 24 हर्ट्झचं कंपन छेचाळिसाव्या हिश्श्यावर यायला हवं. ट्यूबच्या रबरामुळे तितकं साधत नाही, पण सुळका पार बसला.

पावलांचा त्रास मात्र वाढला. माणूस सेकंदाला दोनेक पावलं टाकतो, फळ्या त्या तालावर झुलतात, आणि एवढ्या संथ हेलकाव्याला ट्यूब अडवत नाही, उलट झोका देते. दोन दिवस हवा कमी-जास्त करत बसलो, व्यर्थ. भिंत लिंपायला आलेल्या मिस्त्रीने एका नजरेत ओळखलं: "भाऊ, फळीवर कायले ठेवता? भिंतीले लावा ना."

मातीत खिळा धरत नाही. म्हणून दीड फुटाच्या भिंतीतून आटे पाडलेल्या सळया आरपार घातल्या, पलीकडून लोखंडी पट्टी देऊन नट आवळले, अलीकडे अँगलचा ब्रॅकेट. त्यावर ट्यूब, ट्यूबवर फरशी. काल मुलगा शेजारी उड्या मारत होता, गिरणीही चालू होती, आणि तानपुऱ्याची जोड स्वच्छ ऐकू आली. किती दिवसांनी!

ट्यूबची हवा हळूहळू उतरते आणि फरशी टर्नटेबलच्या मोटरच्या अंगाला कलते, त्यामुळे दर रविवारी पाणसळ ठेवून पाहतो. आता एका ट्यूबऐवजी चार कोपऱ्यांना चार छोट्या ट्यूब लावून बघणार आहे, म्हणजे जड कोपऱ्यात तेवढी हवा जास्त भरता येईल.