टेबलं दिसतात, पण उघडत नाहीत

एका पतसंस्थेच्या सर्व्हरची हार्डडिस्क बसली, तरी व्यवस्थापक निर्धास्त होते. "रोज रात्री बॅकअप होतो, साहेब," म्हणत त्यांनी पेन ड्राइव्ह पुढे केला. त्यात तारीखवार फोल्डर, आणि प्रत्येकात डेटाबेसच्या नावाचं आख्खं फोल्डर. नव्या मशिनवर मायएसक्यूएल ५.७ (डेटाबेस चालवणारी प्रणाली) टाकलं, ताजं फोल्डर जागेवर ठेवलं आणि टेबलांची यादी मागणारं 'शो टेबल्स' दिलं. सगळी टेबलं हजर! व्यवस्थापकांनी चहा मागवला. मी खात्यांच्या टेबलावर साधी सिलेक्ट (डेटा वाचायची आज्ञा) चालवली, तर उत्तर आलं: असं टेबलच नाही.

५.७मध्ये टेबलाची रचना एफआरएम फाइलीत असते आणि इनोडीबी या साठवण-इंजिनाचा डेटा आयबीडीत. यादी दाखवायला एफआरएम पुरते. पण कुठली आयबीडी कुठल्या टेबलाची, हा हिशेब इनोडीबी आयबीडेटा१ मध्ये ठेवतं, आणि ती फाइल असते एक पायरी वर, म्हणजे यांच्या कॉपीच्या बाहेर. लॉगची, मायआयसॅम या दुसऱ्या इंजिनातली जुनी टेबलं मात्र लगेच उघडली. त्यांचं सगळं बिऱ्हाड तीन फाइलींत. नेमकी तीच कुणाला नको होती.

मग एकेक टेबल धरलं. एफआरएममधून रचना काढायची, रिकामं टेबल बनवायचं, 'डिस्कार्ड टेबलस्पेस'नं त्याची रिकामी आयबीडी काढून टाकायची, पेन ड्राइव्हवरची आयबीडी तिथे ठेवायची, 'इम्पोर्ट टेबलस्पेस'नं ती जोडून घ्यायची. जुन्या टेबलांनी इथेही अडवलं. ती ५.६च्या काळातली, रो फॉरमॅट (ओळी साठवायची पद्धत) कॉम्पॅक्ट, ५.७ आपणहून डायनॅमिक बनवतं. टेबल बनवायच्या क्रिएट आज्ञेतच कॉम्पॅक्ट लिहिल्यावर गाडी हलली.

व्यवहारांचं टेबल काही केल्या चढेना. त्या रात्री कॉपी चालू असतानाच महिनाअखेरची व्याज आकारणी सुरू होती. इनोडीबी डेटा १६ केबीच्या पानांत लिहितं; कॉपीत काही पानं आधीची, काही नंतरची, एखादं अर्धवट लिहिलेलं. चेकसम, म्हणजे पान शाबूत आहे का ते तपासायचा आकडा, जुळत नव्हता. आदल्या रात्रीची प्रत चढली. पण व्यवहार जुने आणि शिल्लक नवी, असं कसं चालेल? म्हणून सगळीच टेबलं आदल्या रात्रीची घेतली. मधल्या दिवसाचे व्यवहार छापील रोजकीर्दीवरून क्लार्कनी भरले, व्याज आकारणी पुन्हा चालवली. तेरीज (जमा-नावेचा ताळा) जुळेपर्यंत कुणी घरी गेलं नाही.

आता तिथे व्याजाचं काम उरकल्यावर 'सिंगल ट्रान्झॅक्शन' लावून, म्हणजे सगळी टेबलं एकाच क्षणाची धरून, मायएसक्यूएलडंप (सगळा डेटा एका फाइलीत उतरवलेली प्रत) निघतो आणि अधूनमधून दुसऱ्या मशिनवर चढवून पाहिला जातो. व्यवस्थापकांची तक्रार एकच: पूर्वी फोल्डर उघडलं की टेबलांची नावं दिसायची, आता एकच फाइल दिसते.