अँटेरोसचा घोटा आणि आपल्या चौकातला घोडा

लंडनच्या पिकॅडिली सर्कस या चौकातल्या पंखवाल्या तिरंदाजाच्या मूर्तीला सगळे इरॉस, म्हणजे ग्रीकांचा प्रेमदेव म्हणतात. शिल्पकार आल्फ्रेड गिल्बर्टने घडवला तो इरॉसचा भाऊ अँटेरोस. 1893 साली बसवलेली ही मूर्ती ॲल्युमिनिअमची, खालचं कारंजं ब्राँझचं. अख्खं अंग एका पायाच्या चवड्यावर. ॲल्युमिनिअम वजनाला ब्राँझच्या तिसऱ्या हिश्शाएवढं, म्हणून घोट्यावरचा भार तेवढा हलका. पण हे दोन धातू एकमेकांना टेकले आणि मध्ये ओल राहिली, की झिजतं ते ॲल्युमिनिअम.

जळगाव-धुळ्याकडच्या ब्राँझच्या अश्वारूढ पुतळ्यांनाही हेच लागू. पुढचे पाय उचललेले असले की सगळा भार मागच्या पायांवर आणि शेपटीवर. आतला सांगाडा स्टेनलेस स्टीलचाच हवा. पैसे वाचवायला साधी सळई घातली तर इथे लोखंड आधी जातं. गंज फुगतो आणि पाच-सहा मिलिमीटरचा ब्राँझचा पत्रा आतून तडकवतो. खुराजवळच्या सांध्यातून तांबूस ओघळ दिसला, की आत सळई गंजतेय असं समजावं.

खुरापाशी सर्वांत खाली आठ-दहा मिलिमीटरचं भोक असतं, आत शिरलेलं पाणी निघून जायला. चौथऱ्याला नवं प्लास्टर करताना गवंडी तेच बुजवतात. जूनच्या आधी त्यात तार घालून बघाच.

आपलं ऊनही विसरून चालत नाही. मे महिन्यात धातू पहाटेपेक्षा 40 अंशांनी तापला, तर तीन मीटरचा ब्राँझ सुमारे दोन मिलिमीटर वाढतो. म्हणून सांध्यात सिमेंट भरू नये, ते तडकतंच.

जयंतीच्या तोंडावर सोनेरी ऑइलपेंट मारणं हे सर्वांत वाईट. रंगाला फोड येतात, पाणी खाली अडकतं, चेहऱ्याची रेघ बुजते. चिंच-लिंबूही नको, धातूला धरलेला रंग त्यात उतरतो. बादलीभर पाण्यात दोन चमचे सौम्य साबण, नायलॉनचा मऊ ब्रश, मग भरपूर साधं पाणी. पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात, अर्ध्या तासाने सुती फडक्याने चोळायचं. नुसतं मधमाशीचं मेण 62-64 अंशांना वितळतं, आपल्या उन्हात मऊ पडून धूळ धरतं. कार्नौबा, म्हणजे ताडाच्या एका जातीच्या पानांचं कडक मेण, मिसळलेलं घ्यावं; नुसतं कार्नौबा 80 च्या वर वितळतं. काम सकाळी आठच्या आत उरकावं. तापल्या धातूवर मेणातलं द्रावण लगेच उडतं आणि पट्टे उठतात.

दुग्धाभिषेक झाला तर त्याच दिवशी धुवावं, घड्यांमध्ये दूध आंबतं. हार सुती दोरीत ओवलेला असावा, तारेत नको, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उतरवावा.